कोटाच्या कॉलरखाली

टेलरबाईंच्या नवऱ्याने जन्मभर बस चालवली आणि निवृत्त झाल्याबरोबर घरात तण आणून लावलं. तण हा शब्द टेलरबाईंचा. ड्रायव्हरकाका त्याला रुई म्हणत.

त्यांच्या शेवटच्या थांब्यामागे एक मोकळी जागा होती. बस वळवायच्या आधी काका तिथे सावलीला बसून डबा खात. आजूबाजूला रुई, टाकळा आणि कुणी कधी नाव न विचारलेली झुडपं माजलेली, आणि त्यांच्यावर फुलपाखरांची ये-जा. तिथे आता फरशी होणार असं कळलं, तसे काका खुरपं आणि तेलाचे रिकामे डबे घेऊन गेले आणि बोटबोट उंचीची रोपं उचलून आले. शिवणखोलीच्या खिडकीत ऊन चांगलं येई, म्हणून डबे तिथेच मांडले.

"अहो, लोक नर्सरीतून झाडं आणतात. तुम्ही उकिरडा उचलून आणलात!" टेलरबाई म्हणाल्या.

"अगं, ही इथली मूळची मंडळी. आपण मागून आलो. तुझ्या गुलाबाला इथलं एक तरी फुलपाखरू अंडं घालायला येतं का? त्यांच्या पोरांना हाच पाला लागतो. हा गेला की तीही गेली."

"बरं, बरं. त्या पोरांना माझ्या कपड्यांपासून लांब ठेवा म्हणजे झालं."

रोपं वाढली, त्यांना जाड, लोकर लावल्यासारखी पानं फुटली, आणि एक दिवस त्यांवर पोरं हजर झाली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेले सुरवंट! दिवसभर खा खा खायचे. काका खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसत आणि नातवंडांचं करावं तसं त्यांचं कौतुक करत. "बघ, बघ, या लठ्ठ्याने अख्खं पान संपवलं!" टेलरबाई मशीनवरून मान वर न करता म्हणत, "माझ्या स्वयंपाकाचं इतकं कौतुक केलं असतंत तर!" पण मनातून त्यांना बरं वाटे. बसची नोकरी संपल्यापासून माणूस घरात भिंतीला टेकून बसायचा, तो आता बोलायला लागला होता.

पण एका दुपारी एका गिऱ्हाईकबाईंच्या खांद्यावरून एक सुरवंट निवांत चालत निघाला. बाई किंचाळल्या, टेबलावरची टाचण्यांची डबी उपडी झाली आणि माप अर्धवट सोडून बाईंनी घर गाठलं.

"एक तर ते डबे या खोलीत राहतील, नाही तर मी," टेलरबाई म्हणाल्या.

काकांनी वाद घातला नाही. एकेक डबा छातीशी धरून ते गच्चीवर नेऊन ठेवू लागले. शेवटचा डबा नेताना टेलरबाईंकडे न बघता म्हणाले, "वर वारा फार आहे." बस्स, एवढंच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. शाळेच्या हेडबाईंचा कोट शिवून होत आला होता. हेडबाई म्हणजे गावाला धाक. त्या निवृत्त होत होत्या, आणि निरोपसमारंभासाठी त्यांनी हा बाटलीहिरवा कोट शिवायला टाकला होता. टेलरबाईंनी बटणं लावायला तो हँगरवरून काढायला हात घातला, कॉलर उलटली आणि थबकल्या. कॉलरखाली एक फिकट हिरवा कोश लोंबत होता. त्यावर बारीक सोनेरी ठिपके. इतकं नाजूक जरीकाम त्यांच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं.

"अहो! इकडे या. हळू या!"

काका आले, बघून हरखले. मग बायकोची अडचण त्यांच्या ध्यानात आली. "मी काढून ठेवू का अलगद?"

टेलरबाईंनी त्यांच्या जाडजूड बोटांकडे पाहिलं. "नको. शिवण चुकली तर उसवता येते. हे उसवलं तर पुन्हा कोण शिवणार?"

"पण कोट? तू कधी कुणाचं काम लांबवत नाहीस."

"बघते मी."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी हेडबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा टेलरबाई कोटाच्या आड सरकल्या. "झाला का कोट?" या प्रश्नाला थाप मारायचं त्यांनी ठरवलं होतं. तोंडातून मात्र खरं तेच निघालं. हेडबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा लावला, कॉलरखाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"अंडं, अळी, कोश, फुलपाखरू," त्या शेवटी म्हणाल्या. "जन्मभर फळ्यावर काढलं. पोरांकडून पाठ करून घेतलं. पण असं डोळ्यांसमोर कधी..." त्यांनी चष्मा काढला. "मी जुना कोट घालीन. याला हात लावू नका."

मग त्या रोज शाळा सुटली की येऊ लागल्या. काका त्यांना रुईची माहिती सांगत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, असं तर दर वेळी बजावत. हेडबाई मुकाट्याने ऐकत.

समारंभाच्या सकाळी कोश काळपट दिसू लागला, आतले नारिंगी पंख बाहेरून कळू लागले. हेडबाई जुना कोट घालून शाळेला निघाल्या होत्या. सहज डोकावल्या आणि तिथेच बसल्या. तिघांच्या देखत कोश उकलला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि कॉलरला धरून लोंबत राहिलं. पंख हळूहळू सरळ होत गेले.

"इस्त्री आपोआप होते वाटतं," टेलरबाई पुटपुटल्या.

"बाई, तुमची वाट बघत असतील ना शाळेत?" काकांनी विचारलं.

"उशिरा येणाऱ्यांना आजवर मीच बाहेर उभं केलंय. आज मला कोण उभं करतं बघू!"

फुलपाखरू उडून खिडकीबाहेर गेलं, तशी टेलरबाईंनी सुई ओवली. बटणं भराभर लागली. कॉलरच्या आत कोशातून गळलेल्या थेंबाचा एक तांबूस डाग पडला होता. त्या तो धुवायला उठल्या, तर हेडबाईंनी जुना कोट काढून ठेवला आणि नवा त्यांच्या हातातून घेऊन अंगावर चढवला. "राहू दे. तो माझा बिल्ला!" आणि गावाला धाक असलेल्या त्या बाई जवळजवळ पळतच जिना उतरल्या.

टेलरबाईंनी डब्यांच्या जागी खिडकीत मांडलेले गुलाब उचलून कोपऱ्यात सारले.

"हे काय?" काका म्हणाले.

"वर वारा फार आहे म्हणालात ना? आणा खाली तुमच्या मंडळींना."

"आणि गुलाब?"

"त्यांचं काय, ते कुठेही बसून नखरे करतील."

काका डबे घेऊन आले. पानं कुरतडून चाळण झाली होती, पण बुडाशी नवे कोंब होते. टेलरबाईंनी नाकावर चष्मा ठेवून एक कोवळं पान उलटलं. खाली पांढरा, टाचणीच्या डोक्याहून बारीक ठिपका.

"अहो," त्या कुजबुजल्या, "घरात पुन्हा पाळणा हलणार."

काका हसले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.