पहिल्या ओरड्यापासून शेवटच्या ओरड्यापर्यंत

आमच्या माळ्यावर चौदा खोल्या आहेत आणि तेरा टीव्ही. त्यांतले सहा डिशवर चालतात, पाच केबलवर आणि दोन इंटरनेटवर. मॅचच्या वेळी चालू असणारे मोबाइल मी धरले नाहीत, कारण ते रोज बदलतात. गॅलरी बत्तीस मीटर लांब आहे. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला एक दशांश सेकंदही लागत नाही, म्हणून तो वेळ मी सोडून दिला. ज्या खोलीत टीव्ही नाही ती चौथी, म्हणजे आमची. टीव्ही दादाने दोन वर्षांपूर्वी विकला. तेव्हा घरातून जे जे गेलं त्यात तो सगळ्यात स्वस्त होता.

दादा म्हणजे सम्यक, माझा मोठा भाऊ. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. क्रिकेटवर तो मोबाइलवरून पैसे लावायचा. एक अ‍ॅप बंद झालं की दुसऱ्या दिवशी कुठूनतरी नवी लिंक यायची. गेल्या पावसाळ्यापासून त्याने सोडलं आहे. दर शनिवारी तो परळला जातो. तिथे एका शाळेच्या वर्गात दहा-पंधरा माणसं बाकांवर बसतात आणि आपापलं सांगतात. त्याला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले ते तळमाळ्यावरचे जगदीशकाका. काका गिरण्या चालू होत्या तेव्हा मटका खेळायचे. त्यांनी तो सोडला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण शनिवार ते अजून चुकवत नाहीत.

मार्चअखेर क्रिकेटचा सीझन सुरू होणार होता आणि आमच्या घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. मागच्या वर्षीही दादाने आधी तीन-चार महिने सोडलं होतं. सीझनच्या पहिल्याच आठवड्यात तो पुन्हा घसरला. तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले होते, "पुढच्या वेळी हे घर सोडायचं." पप्पा, म्हणजे बाबुराव, महापालिकेत क्लार्क होते. एकदा बोललेलं ते पुन्हा बोलत नाहीत आणि मागेही घेत नाहीत.

म्हणून आईने मार्ग काढला होता. दोन महिने दादाने अँटॉप हिलला मामाच्या क्वार्टरमध्ये राहायचं. तिथे दारं-खिडक्या लावल्या की शेजाऱ्याचं काही ऐकू येत नाही.

"नाही जाणार," दादा म्हणाला.

"अरे, दोन महिने तर आहेत."

"यंदा दोन महिने, पुढच्या वर्षी दोन महिने. आई, हे घर माझं आहे की मॅचचं?"

ऐकू येण्याचा काय संबंध, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. ते दादाने पहिल्या मॅचच्या दिवशी सांगितलं. तो भिंतीकडे पाठ करून, कानावर उशी दाबून पडला होता. भिंतीपलीकडे तीन नंबरची खोली, शेवंतीमावशीची. मावशी सत्तरीच्या, मालवणच्या, आणि क्रिकेटच्या बाबतीत कोणालाही न आवरणाऱ्या. त्यांच्याकडे डिश आहे. विकेट पडली की त्या आधी ओरडतात, मग केबलवाले, मग अगदी शेवटी इंटरनेटवाले.

"मी मोबाइलवर बघायचो," दादा उशीखालून म्हणाला. "मावशी ओरडल्या की माझ्याकडे तो बॉल यायला खूप वेळ असायचा. तेवढ्यात लावायचे. मला वाटायचं, सगळ्या दुनियेला माहीत नाही ते मला ही भिंत सांगते."

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. असं काही ऐकल्यावर मला मोजल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या मॅचला मी मोबाइल गॅलरीच्या मधोमध कठड्यावर ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि लॅपटॉपवर त्याचा आलेख पसरून पाहिला. एका विकेटचे अकरा ओरडे सापडले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चौतीस सेकंद.

मग मी दादाला आकडे मांडून दाखवले. अ‍ॅपवाल्यांना मैदानातली खबर डिशच्याही आधी मिळते. मावशी तोंड उघडायच्या आत त्यांनी भाव बदललेला असतो. भिंत त्याला जे सांगत होती ते आधीच शिळं होतं.

"ते मला केव्हाच कळलंय गं," तो म्हणाला. "एकदा तर मावशी किंचाळल्या म्हणून पगारातलं उरलं-सुरलं सगळं लावलं. नंतर कळलं, त्यांच्या मोरीतून झुरळ निघालं होतं."

मी हसले. तोही हसला. मग म्हणाला, "कळतं, तरी हात जातो. कळल्याने थांबलं असतं तर तुझ्यासारखी बहीण असून माझं हे झालंच नसतं."

तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि जगदीशकाकांकडे गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमचा आकडा निदान बाजारातून यायचा," ते म्हणाले. "याचा भिंतीतून येतो. मग भिंतीशीच बोलायला पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवंतीशी. पण ते तू बोलायचं नाहीस, मीही नाही. त्यालाच बोलू दे."

रविवारी सकाळी चौदाही खोल्यांतली माणसं गॅलरीत जमली. पाण्याच्या पंपाबद्दल असेल असं बहुतेकांना वाटलं होतं. पप्पा दारात उभे राहिले, ना आत ना बाहेर. दोन वर्षांत त्यांनी या गोष्टीचा एक शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता. टीव्ही कुठे गेला असं कोणी विचारलं तर "दुरुस्तीला" म्हणायचे.

दादा जिन्याजवळ उभा राहिला. शनिवारी परळला जशी सुरुवात करतात तशीच त्याने केली.

"मी सम्यक. मी जुगारी आहे. टीव्ही दुरुस्तीला नाही गेला, मी विकला."

मग त्याने भिंतीचं सांगितलं, मावशींच्या ओरडण्याचं आणि झुरळाचंही. शेवटी म्हणाला, "मला इथेच राहायचंय. कसं ते मला एकट्याला जमत नाहीये."

पहिल्या बोलल्या त्या शेवंतीमावशी. "म्हणजे मेल्या, मी घसा फोडायचा आणि तू पैसे लावायचे? मला कमिशन तरी द्यायचंस!"

सगळे हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आजपासून नाही ओरडणार. तोंडात बोळा घालून बघेन."

त्यांनी खरंच पदराचा बोळा तोंडात धरून मॅच पाहिली. चौथ्या षटकात षटकार गेला आणि बोळा निघाला. मावशींचा तो ओरडा मी रेकॉर्ड केलेल्यांपैकी सर्वांत मोठा आहे. त्यानंतर त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चोरी पकडल्यासारख्या.

"जमत नाही रे बाबा."

"मावशी, मलाही जमत नव्हतं," दादा म्हणाला आणि त्यांना आत बसवून पाणी दिलं.

मग गॅलरीत सगळ्यांसमोर मी माझं म्हणणं मांडलं. ओरडणं थांबणार नाही, थांबवूही नये. त्रास ओरडण्याचा नाही, त्यातल्या अंतराचा आहे. सगळा माळा एकाच वेळी ओरडला तर भिंतीकडे सांगण्यासारखं काही उरणारच नाही. त्यासाठी मॅचपुरता एकच टीव्ही, मावशींचा, तोही गॅलरीत. बाकीचे बारा बंद आणि मोबाइल खिशात.

"एक मिनिट," अकरा नंबरचा अभय म्हणाला. तो एका बँकेत आहे आणि त्याच्या घरी नवा टीव्ही आला होता. "मी पंचावन्न इंची घेतलाय तो काय गॅलरीत उभं राहून तुमचा चोवीस इंची बघायला?"

"मग तुझाच आण की बाहेर," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, भिंतीला ठोकलाय तो."

"ठोकला तसा काढता येतो. सम्यक, ह्याच्या घरी जाऊन स्क्रू काढ रे."

दादाने स्क्रू काढले. टीव्ही जिन्याजवळच्या टेबलावर आला, मावशींच्या डिशची वायर त्यांच्या खिडकीतून ओढून त्याला जोडली. पहिल्या दिवशी चटया कमी पडल्या. तिसऱ्या मॅचला वैशालीवहिनींनी, म्हणजे अभयच्या बायकोने, भजी केली आणि नंतर पाळीच लागली. दोन घरांनी सुरुवातीला दार लावून आत पाहिलं. त्यांचे ओरडे मागाहून, एकटेच यायचे. तसं झालं की सगळी गॅलरी माना वळवून त्या दाराकडे बघायची. आठवड्याभरात ती दोन्ही दारं उघडली.

दादा टीव्हीसमोर बसत नसे. तसं परळला ठरलं होतं आणि ते त्याने पाळलं. तो आईबरोबर सगळ्यांचा चहा करायचा, कप फिरवायचा, टीव्हीकडे पाठ करून उभा राहायचा. ओरडा झाला की समोरच्या तोंडांवरून काय झालं ते त्याला कळे. दोनदा मात्र कप तसेच ठेवून तो तळमाळ्यावर जगदीशकाकांकडे गेला. दोघं चिंचपोकळी स्टेशनच्या पुलापर्यंत चालून परत आले. दुसऱ्या वेळी पप्पा त्यांच्या मागोमाग चप्पल घालून निघाले आणि तिघं मिळून परत आले.

मे महिन्यातल्या एका रविवारी मुंबईची साखळीतली शेवटची मॅच होती, दुपारची. हरलो तर सीझन संपला, अशी. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी नेहमीप्रमाणे मोबाइल रेकॉर्डिंगला लावून कठड्यावर ठेवला होता. शेवटच्या षटकात चार चेंडूंत आठ धावा हव्या होत्या, तेव्हा टीव्ही, दोन टेबलफॅन आणि अभयने आणलेला कूलर एकदमच बंद पडले. जिन्यावरच्या बोर्डातला फ्यूज उडाला होता.

एक लांब "अरेरे" झालं.

दादा टेस्टर आणि फ्यूजची तार घेऊन आला. स्टूल आणलं, ते एका पायावर डुगडुगत होतं. पप्पा उठले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते धरलं. दादा वर चढला. खाली साठेक माणसं काळ्या पडद्यासमोर बसली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या खिशात मोबाइल होते. अभयचा हात खिशाकडे गेला.

"हात बाहेर," मावशी म्हणाल्या.

अभयने हात मांडीवर ठेवला. बाकी कोणाचा हात गेलाच नाही. मी नीट पाहत होते.

तेवढ्यात समोरच्या चाळीतून मोठा ओरडा आला. पन्नास-साठ जणांचा तरी असावा. तो विकेटचा होता की षटकाराचा, आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं. दादाच्या हातातली तार थांबली. गॅलरीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आईने कपांचा ट्रे खाली ठेवला. पप्पा वर न बघता स्टूल घट्ट धरून होते, त्यांच्या हाताच्या शिरा मला इथून दिसत होत्या.

दादाने मान वळवून समोरच्या चाळीकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे पण झुरळ निघालं वाटतं," तो म्हणाला.

गॅलरी अशी हसली की खालून कोणीतरी "काय झालं रे?" म्हणून ओरडलं. मावशी तर पदर तोंडात घालून हसत होत्या, आणि या वेळी बोळा बराच वेळ टिकला. दादाने तार पिळली, फ्यूज दाबून बसवला. फॅन फिरायला लागले. डिशचा बॉक्स 'सिग्नल शोधत आहे' म्हणत राहिला. समोरच्या चाळीतून पुन्हा आवाज आला, या वेळी निराशेचा. आमच्याकडे आता एकही मान वळली नाही. पप्पांनी वर पाहिलं.

"उतर सावकाश."

"राहू दे पप्पा, इथून सगळ्यांची तोंडं दिसतात."

तो बोर्डाला टेकून तसाच उभा राहिला, टीव्हीकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. पप्पांनी स्टूल सोडलं नाही. पडदा उजळला तेव्हा एक चेंडू उरला होता आणि तीन धावा हव्या होत्या. गोलंदाज धावत आला. चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निघून सीमारेषेला लागला.

संध्याकाळी चटया गोळा झाल्यावर मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं. पहिला ओरडा शेवंतीमावशींचा, शेवटचा सम्यकदादाचा. मधलं अंतर ०.४ सेकंद.