वर येणारे मासे

सासऱ्यांची वेताची खुर्ची माझ्या माशांच्या टाकीसमोर असायची. धाकट्या जावेने वरच्या मजल्यावर मासे आणले आणि महिन्याभरात खुर्ची जिना चढून गेली. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

"तुझे मासे माणूसघाणे," बाबा म्हणायचे. "तिचे बघ, मी बसलो की सगळे वर येतात, तोंड उघडून बोलतात माझ्याशी!" आणि खूश होऊन उठता-बसता त्यांना दाणे टाकायचे. माझी टाकी जुनी, काचेला हिरवट थर. तिची नुसती लखलख. "ताई, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुवा, मी दर आठवड्याला धुते," असं वर मलाच शिकवायची.

शेवटी एकदा मी जळफळत ते प्रेम बघायला वर गेले. मासे खरंच वर आलेले. पण बाबा उठून गॅलरीत गेले तरी खाली जाईनात. कल्ले लालभडक, भराभर हलणारे. कसलं बोलणं? गुदमरत होते बिचारे. उरलेले दाणे आणि माशांची घाण कुजली की पाण्यात अमोनिया होतो, त्याने कल्ले जळतात. तो पचवणारे जंतू त्या मळक्या स्पंजातच राहतात, आणि ही बाई त्यांनाच नळाखाली मारत होती.

गप्प बसावं, असं वाटलं. मासे मेले की खुर्ची आपोआप खाली येईल.

तेवढ्यात एक सोनेरी मासा आडवा झाला.

"बादली आण!" मी जावेवर ओरडले. नळाच्या पाण्यातलं जंतू मारणारं औषध उडून जावं म्हणून मी पाणी नेहमी उघडं भरून ठेवते. तिच्या टाकीतलं अर्धं पाणी काढून ते घातलं. दाणे बंद केले. माझा मळका स्पंज अर्धा कापून तिच्या फिल्टरमध्ये कोंबला. तिने नाकसुद्धा मुरडलं नाही.

काही दिवसांनी मासे तळाशी निवांत फिरू लागले आणि बाबा हिरमुसले. "काय केलंस गं? आता एकही वर येत नाही."

"बाबा, ते गुदमरत होते," जाऊच म्हणाली. "ताईंनी वाचवले."

बाबांनी काचेवर बोटाने टकटक केली. मग मला हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यासाठी येत नव्हते?"

याच प्रश्नासाठी तर मी टपून बसले होते. "नाही" म्हटलं की खुर्ची माझी.

"तुमच्यासाठीच येत होते," मी म्हणाले. "दम लागलाय हे घरात दुसऱ्या कुणाला सांगणार?"

बाबांनी मान डोलावली आणि खुर्ची तिच्या टाकीच्या आणखी जवळ ओढली. मी रिकामी बादली उचलून जिना उतरले, तशीच जळत.