वकिलीणबाईंची रजा

थोरल्याचं आणि धाकट्याचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. कारभार मात्र चोख चालला होता, कारण सगळं बोलणं म्हशीमार्फत व्हायचं.

"म्हशीबाई, सांगा तुमच्या धाकट्या मालकांना, विहिरीवरची मोटार तापतेय."

"म्हशीबाई, त्यांना म्हणावं, मलाही नाक आहे."

म्हैस रवंथ करत दोन्ही बाजू ऐकून घ्यायची, म्हणून घरात तिला वकिलीणबाई म्हणत. भांडण एवढंच, की नऊ वर्षांपूर्वी एका रात्री गोठ्याचं फाटक कुणी उघडं टाकलं. जो आधी बोलेल त्यानं टाकलं, असं न बोलताच ठरून गेलं होतं.

अशात शहरातून एक दिग्दर्शक आला. त्याला खेड्यातल्या घरावर, घरातल्या मायेवर शांत सिनेमा काढायचा होता. पाठीला पाठ लावून शेंगा सोलणारे दोन भाऊ पाहून त्याचे डोळेच भरून आले.

"काय जिव्हाळा! यांना शब्दांची गरजच नाही."

"आहे हो," थोरल्याची बायको म्हणाली, "पण म्हैस चरायला गेलीय."

विनोद समजून तो पोटभर हसला.

शूटिंगच्या दिवशी रवंथ करण्याचा आवाज माइकमध्ये येतो अशी तक्रार झाली आणि वकिलीणबाईंना भल्या सकाळी तीन शेतं पलीकडे नेऊन बांधलं. थोरला तोंड धुऊन आला तर गोठा रिकामा. माळ्याच्या शिडीची पाचवी पायरी तडकलेली त्यानं कालच पाहिली होती. सकाळी म्हशीला सांगायचं म्हणून निरोप तसाच राहिला होता.

नेमकं दृश्यही तेच. धाकटा माळ्यावर चढणार, थोरला खालून नुसता बघणार.

"काका, नजरेत काळजी हवी," दिग्दर्शक म्हणाला.

काळजीला काही तोटा नव्हता. धाकटा पहिली पायरी चढला, दुसरी चढला. थोरल्यानं सवयीनं गोठ्याकडे पाहिलं. तिसरी. त्याला राहवेना. तो दिग्दर्शकाकडेच वळला आणि ओरडला, "म्हशीबाई, सांगा त्याला..."

दिग्दर्शक म्हैस शोधायला मागे वळला. चौथी.

"अरे धाकट्या, उतर! पाचवी तडकलीय, मरशील!"

धाकट्याचा पाय हवेतच थांबला. त्यानं हातानं पाचवी पायरी दाबून पाहिली. ती कटकन तुटून त्याच्याच हातात आली. तुकडा घेऊन तो सावकाश खाली उतरला.

"म्हणजे फाटक तूच उघडं टाकलंस, दादा."

आपण टाकलं नव्हतं, हे थोरल्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"हो बाबा, मीच. आता बस खाली गपचूप."

"अप्रतिम!" दिग्दर्शक म्हणाला. "हे बोलणं तेवढं नंतर काढून टाकू. सिनेमा शांत आहे ना."

"पुन्हा घ्या की हो," धाकटा म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही."

नवी शिडी आणून सात वेळा घेतलं. सातही वेळा थोरल्यानं फाटक उघडं टाकलं. सातव्या वेळी धाकट्याला कबुली पूर्ण ऐकवेना. "पुरे रे दादा, घसा बसेल तुझा," असं म्हणून त्यानं स्वतःच तांब्या पुढे केला.

संध्याकाळी वकिलीणबाई परत आल्या, तेव्हा मोडकी शिडी कुणी दुरुस्त करायची यावरून दोघं भाऊ त्यांच्या दोन्ही अंगांना उभे राहून कचाकचा भांडत होते. थेट. म्हशीनं एकदा इकडे मान वळवली, एकदा तिकडे. कुणी काही सांगायला सांगेना.

त्या दिवशी तिनं अर्धा लिटर दूध कमी दिलं.