सासऱ्यासमोर खुर्ची

उजव्या हाताला मुंग्या येऊन येऊन हात बधिर पडायला लागला, तवा हिंगोलीच्या डॉक्टरनं एका वाक्यात निकाल लावला, "शिलाई मशीन बंद करा." वा रे डॉक्टर! मशीन बंद करून मी काय माशा मारू? आमच्या गोरेगावात माझ्या, या धुरपताबाईच्या ब्लाऊजाला नाव होतं. दुसरं मला काय येतच न्हाई.

ही दोन हजार तीनची गोष्ट. गावातल्या रत्नपालची सपना तवा फिजिओथेरपी शिकून आली होती. 'अंग चोळणारी डॉक्टरीण' म्हणून लोकं हसायचे. मी हात दाखवला, तर म्हणाली, "मामी, आधी तुमी काम कसं करता ते बघू द्या."

आता पावणी येणार म्हणल्यावर! मी दुकान झाडलं, शेजारची खुर्ची आणली, मामांना, म्हंजी माझ्या सासऱ्यांना, बाजारात धाडलं. ताठ बसून शिवून दाखवलं. सपना म्हणाली, "अशा बसता तर हात दुखायचं कारणच न्हाई." असा राग आला! मी काय सोंग करून राहिले का?

पण पोरगी लई चिवट. चहा झाला तरी जायचं नाव घेईना. तेवढ्यात मामा आले अन् समोरच्या भिंतीला टेकून पोत्यावर बसले. मी झटक्यानं खुर्ची सोडली, रोजच्या बुटक्या स्टुलावर बसले. सासरा खाली अन् सून खुर्चीवर, हे आमच्यात चालत न्हाई. मशीन छातीला आली, खांदे कानाला भिडले, तशीच शिवायला लागले.

"सापडलं!" सपना ओरडली. काय नजर म्हणावी लेकराची! शिकावं तर असं. ती सरळ मामांकडं वळली. "आजोबा, वर बसल्या तर यांचा हात वाचंल. पण तुमच्यासमोर त्या बसत न्हाईत."

अगं बाई, गप की! मामा म्हंजी नुसता जाळ. ते माझ्या खांद्याकडं बघत राहिले.

"मला काहून सांगितलं न्हाई?" म्हणाले. उठले, खुर्ची स्वतः मशीनला लावली. "बस, धुरपता."

"न्हाई मामा, माझ्यानं व्हायचं न्हाई."

मामांनी पोतं उचलून दारात टाकलं, रस्त्याकडं तोंड करून बसले. "आता मला दिसून न्हाई राहिलं. बस म्हणतो ना!"

बसले. डोळ्यांतनं पाणी गळून राहिलं होतं, दोरा सुईत जाईना. सपनानं ओवून दिला.

हात बरा झाला, आजबी शिवते. मामा वारेस्तवर दुकानात माझ्याकडं पाठ करूनच बसले.