सैल पट्टीचे मेज

मित्रांनो, तुमच्या वर्गात बाईंच्या पुढ्यात जे मेज असते ना, त्याच घराण्यातले मी एक जुने मेज आहे. फरक एवढाच, की माझा माथा सपाट नाही, उतरता आहे, आणि माझ्यापुढे कोणी हजेरी घेत नाही. माझ्यापुढे उभे राहून देशाचे पंतप्रधान सभागृहाला उत्तरे देतात. तेव्हा भल्याभल्यांच्या पायांना कापरे भरते, पण मी मध्ये असल्यामुळे ते कोणाला दिसत नाही.

माझा जन्म एका मोडक्या जिन्यातून झाला. जुन्या कचेरीचा लाकडी जिना पाडला, तेव्हा त्याच्या पायऱ्या सरपणात टाकायला सुताराचा जीव होईना. "इतक्या लोकांनी तुडवलं, तरी पिचलं नाही. हे लाकूड सभागृहातच शोभेल," असे म्हणून त्याने मला घडवले. अंगावर रंधा फिरवला, माथ्याला उतार दिला आणि कागद खाली घसरू नयेत म्हणून पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली. माझ्या गोष्टीतले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, ती पट्टी तेवढी लक्षात ठेवा.

सुरुवातीची वर्षे फार मानाची गेली. रोज सकाळी अंगावरून तेलाचा बोळा फिरे. पाहुणे आले की मला बोट लावून बघत. किती पंतप्रधान आले आणि गेले! एक जण दर वाक्याला माझ्यावर मूठ आपटायचे. मुद्दा जितका लंगडा, तितकी मूठ जोरात. दुसरे एक जण पाण्याचा ओला पेला थेट माझ्या माथ्यावर ठेवायचे. त्यांची धोरणे कोणाला आठवत नाहीत, पण ते पांढरे वर्तुळ अजून आहे.

मग तेलाचा बोळा बंद झाला. मुठी खाऊन खाऊन माझी पट्टी सैल झाली. सुताराचा मुलगाही आता सुतारच झाला होता. त्याने वर कळवले, "चार खिळे आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे." वरून उत्तर आले, काटकसरीचे दिवस आहेत, तूर्त भागवून घ्या. मग कोणीतरी पट्टीला चिकटपट्टी लावली. सागवानाला चिकटपट्टी! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याच दिवसांत एक बाई पंतप्रधान होत्या. सभासदांना त्या मायेने रागवत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी माझ्यावर कधी मूठ आपटली नाही. बोलताना त्या दोन्ही तळवे माझ्यावर टेकत. मात्र उत्तर वाचताना मान वर करत नसत. वाचायचे आणि बसायचे, हा त्यांचा नेम.

दोन वर्षांपूर्वी माणसांची ने-आण करणारी एक सरकारी लाँच नदीत बुडाली होती. पुष्कळ माणसे गेली, चालकही गेला. ती का बुडाली हे शोधायला सरकारने चौकशी आयोग नेमला. पण आयोगाचे काम संपेना, आणि तोवर लोकांनी आपला निकाल देऊन टाकला, की चालक प्यायलेला असणार. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणत नाही. त्याची आई कपडे शिवायची. चौकशीबद्दल प्रश्न असला की ती प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत येऊन बसे. तिथे बोलायला बंदी असते, म्हणून ती नुसती बसे.

एका सकाळी, सभागृह भरायच्या आधी, मावशी आणि अर्थमंत्री माझ्यापाशी आले. त्या दिवशीचा प्रश्न होता, चौकशीवर किती खर्च झाला, आणि सरकारकडे पैसे नसताना ती चालू ठेवणार का?

"चाळीस कोटी, बाई!" अर्थमंत्री म्हणाले. "इकडे तिजोरीत खडखडाट. दवाखान्यांना औषधं पुरवताना माझ्या नाकी नऊ आलेत. आयोग गुंडाळू या. उत्तर तसंच लिहून आणलंय."

मावशींनी चष्मा काढला. "चाळीसातले आयोगाचे किती?"

अर्थमंत्री हातातले कागद चाळू लागले.

"बारा," मावशीच म्हणाल्या. "बाकीचे आपल्या वकिलांचे. आयोग लाँचचे कागद मागतो आणि आपले वकील पुढची तारीख मागतात. दोन वर्षं हेच चाललंय ना?"

"खात्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि ती शिवणकाम करणारी बाई? चौकशी बंद झाली तर तिच्या मुलावरचा डाग कायमचा राहील."

"मला तिचं वाईट वाटतं हो, खरंच वाटतं. पण हे सभागृहात बोललात तर आपलेच लोक तुम्हाला खुर्चीवर ठेवणार नाहीत."

मावशी माझ्या सैल पट्टीशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या ते उत्तर. वाचते."

मला फार वाईट वाटले, मित्रांनो. त्यांचा रागही आला. पण त्यांचे तळवे त्या वेळी गार पडले होते, हेही सांगितले पाहिजे.

सभागृह भरले. सज्जात पहिल्या रांगेत ती आई बसली होती. विरोधी पक्षनेत्यांच्या भुवया जाड होत्या आणि त्या उडवत बोलायची त्यांना सवय होती. ते उठले. "अध्यक्ष महाराज, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी या चौकशीची गत झाली आहे!" दोन्हीकडची बाके हसली. आईने मान खाली घातली.

मावशी उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. "आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने, सदर आयोगाचे कामकाज..."

तेवढ्यात चिकटपट्टीने दम सोडला. माझी पट्टी निखळली आणि सगळे उत्तर घसरून जमिनीवर पसरले. काही पाने पहिल्या बाकाखाली गेली. सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडले, "आधी मेज सांभाळा, मग देश!" पट्टेवाला वाकून कागद गोळा करू लागला. मला वाटले, आता माझी रवानगी सरपणात.

हातात कागद नव्हता, म्हणून मावशींनी प्रथमच मान वर केली. सज्जात एक बाई अर्धवट उठून उभी होती. घरात कोणाच्या हातून काही पडले की आपण उचलायला उठतो ना, तशी ती आई कागद उचलायला उठली होती. मग आपण कुठे आहोत हे तिच्या लक्षात आले आणि ती ओशाळून खाली बसली.

पट्टेवाल्याने कागद पुढे केले. मावशींनी ते घेतले नाहीत.

"अध्यक्ष महाराज, कागद राहू द्या," त्या म्हणाल्या. "खर्च चाळीस कोटी झाला, हे खरं आहे. त्यातले अठ्ठावीस कोटी आम्ही आमच्याच वकिलांवर घातले. आयोगाला कागद द्यावे लागू नयेत म्हणून. चौकशी महाग नव्हती, आमची टाळाटाळ महाग पडली. या आठवड्यात सगळे कागद आयोगाकडे जातील आणि आमचे वकील यापुढे एकही तारीख मागणार नाहीत. वाचलेला पैसा दवाखान्यांना जाईल. आयोग बंद होणार नाही."

त्यांचे दोन्ही तळवे माझ्यावर घट्ट टेकलेले होते. अर्थमंत्र्यांनी कपाळाला हात लावला.

अर्थमंत्री म्हणाले होते तसेच झाले. थोड्याच दिवसांत मावशींच्या पक्षाने दुसरा नेता निवडला आणि मावशी मागच्या बाकावर गेल्या. पण दिलेला शब्द मागे घेण्याची छाती नव्या पंतप्रधानांना झाली नाही. कागद मिळाल्यावर आयोगाचे काम लवकर आटोपले. त्याचा निष्कर्ष माझ्याच माथ्यावर ठेवून वाचला गेला. चालक शुद्धीवर होता. लाँचच्या तळाचा एक पत्रा सैल झाला होता. तो बसवून द्या, असे चालकाने पुन्हा पुन्हा सांगितले होते, आणि खात्याच्या कचेरीने त्याला कळवले होते, काटकसर आहे, तूर्त भागवून घ्या.

ते शब्द ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर एका दुपारी, सभागृह रिकामे असताना, मावशी त्या आईला घेऊन आत आल्या. तोवर सुताराने माझी पट्टी नव्याने बसवली होती.

"हेच ना ते मेज?" आईने विचारले.

"हेच," मावशी म्हणाल्या. "यानंच माझी फजिती केली. बरी केली."

आईने हात पुढे केला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटे पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. एका ठिकाणी दाबून तिने पट्टी हलते का ते पाहिले.

"बसवली वाटतं," ती म्हणाली. "बरं झालं. माझा मुलगाही एवढंच सांगत होता हो."

मावशींनी पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, आता पुन्हा माझ्या अंगावरून तेलाचा बोळा फिरतो, पाहुणे बोट लावून बघतात. पण तुम्ही मला बघायला आला नाहीत तरी चालेल. तुमच्या बाकाचा खिळा वर आला असेल, जिन्याची पायरी हलत असेल, तर मोठ्यांना सांगा. आणि मोठे झालात, की सांगणाऱ्याचे ऐका. त्याला 'तूर्त भागवून घे' म्हणू नका. माझ्यासाठी चार खिळे मागितले होते, ते मला उशिरा का होईना मिळाले. त्या लाँचला मिळाले नाहीत.