चेन उतरली

लॉन्ड्रीत डाग काढणाऱ्या बाईला फसवायला कुणी जाऊ नये. कॉलरवर काय सांडलंय, हे ती नुसत्या वासावरून सांगते. पण नवरोबांना हे कोण सांगणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायको दिवसभर काय करते हे ज्याला धड माहीत नाही, त्याने निदान खोटं तरी बरं बोलावं!

झालं असं, की दोघांनी सायकल सहलीत नावं घातली होती. आठवडाभर, पन्नासेक माणसांबरोबर. दिवसभर सायकल, मुक्कामाला तंबू. सामान ट्रकमध्ये, स्वयंपाकी सोबत, आणि सगळ्यांच्या मागून एक व्हॅन, थकल्या-भागल्याला सायकलीसकट उचलणारी. तिला सगळे कचरागाडी म्हणत. "मेलो तरी कचरागाडीत बसणार नाही," असं नवरोबांनी पहिल्याच बैठकीत ठणकावलं. सगळे हसले. तीही हसली.

हौस खरं तर तिची. वाफ, साबण आणि लोकांचे डाग यांत जन्म गेला होता. घराबाहेर सलग काही दिवस राहिली होती, ती फक्त बाळंतपणाला दवाखान्यात.

दर रविवारी दोघांचा सराव. नदीवरच्या पुलाचा चढ लागला, की मागून हाक यायची, "चेन उतरली गं! तू हो पुढे." ती वर जाऊन थांबायची. बऱ्याच वेळाने नवरोबा उगवायचे, कपाळावर घाम, तोंडावर उसनं हसू. शेवटी तिने मेकॅनिककडून नवी कोरी चेन बसवून आणली. पुढच्या रविवारी तीही उतरली म्हणे! त्या दिवशी वर पोचल्यावर नवरोबांनी तिला पाण्याची बाटली दिली आणि तिला त्यांची बोटं दिसली. स्वच्छ. नखांतसुद्धा काळं नाही. ग्रीसचा हात असा आपोआप साफ होत नसतो, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तर मिळालं की सहल बोंबलणार. ती घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "मेली सायकलच खराब." त्यानंतरही दर रविवारी चेन उतरली आणि ती पुढे गेली. वर थांबली की मागे वळून बघायची हिंमत व्हायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत तंबू उभारून बघायचं ठरलं. सोफा भिंतीला सरकला, टेबल स्वयंपाकघरात गेलं. पंप बाजूला पडलेला असताना नवरोबा हवेची गादी तोंडाने फुगवायला बसले. "पंप म्हाताऱ्यांना," म्हणाले. चार-दोन फुंकरी मारल्या आणि थांबले. हात छातीवर गेला. चेहरा पांढराफटक. गादीतली हवा सूंऽ करत निघून गेली.

"काय होतंय?"

"कुठे काय? घसा कोरडा पडला."

इथे ना चढ होता, ना चेन.

"हात दाखवा."

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्यांनी थट्टा करून पाहिली. पण तिने त्यांचे दोन्ही हात ओढून उताणे केले.

"चेन बसवणाऱ्याचे हात असे असतात?"

नवरोबा हळूच म्हणाले, "चढावर छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं होतं. थांबलं की जातं."

"आणि बोलला नाहीत?"

"तू सहलीच्या पिशव्या शिवताना गुणगुणत होतीस. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"आग लागो त्या पिशव्यांना!" ती किंचाळलीच. मग रडत रडत तिने फोन लावले. सहलीच्या म्होरक्याला कळवलं, आम्ही येत नाही. हॉस्पिटलमधून सांगितलं, आत्ताच्या आत्ता घेऊन या. टॅक्सी निघाली होती.

दारात चपला घालता घालता नवरोबांनी विचारलं, "पण तुला कधी कळलं?"

'आत्ता' म्हणाली असती, तर खपलं असतं.

"नवी चेन बसवली ना, त्या रविवारी."

त्यांचा पाय चपलेत अर्धाच राहिला.

"म्हणजे, त्यानंतरही तू पुढे गेलीस?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच विचारत होते.

"गेले," ती म्हणाली. "मला या सहलीला जायचंच होतं हो."

दुसरी चप्पल त्यांच्या पायाला सापडेना, म्हणून ती खाली बसली आणि चप्पल त्यांच्या पायात सरकवू लागली.

"नको," म्हणत त्यांनी पाय मागे घेतला. "मी घालतो माझी."