दोनदा वाजणारं डावं बटण

मी एक जुना वायरवाला माउस हाय, मित्रांनो. लई दमलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. मधी कुणी चुळबुळ केली तर गप बसीन.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ठाव न्हाय. बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात सात वर्सं काढली. पोरांचं चुकायचं अन् आपटायचे मला. क्लास बंद पडला तवा बावडा गावची श्रेया मला जुन्या कॉम्प्युटरसंगं घरी घेऊन आली.

तिची नजर लई बारीक. एका नकाशा कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं. महिनाभर बघून मग कायम करणार. आभाळातनं काढलेल्या फोटोवर शेताचे बांध गिरवायचे. कोपरा आला की माझं डावं बटण दाबायचं, ठिपका पडतो. ठिपका जरा सरकला तर एकाचं रान दुसऱ्याच्या रानात जातं. झाडाच्या सावलीत दडलेली विहीरबी तिला दिसायची. पुण्यातनं काम तपासणाऱ्या दीप्ती मॅडम म्हणल्या, "तुमची चूक शोधायला भिंग लागतं." मीच फुगलो.

शेजारची फुलाबाई मात्र दारातनं टोमणा मारायची, "दिसभर उंदीर घोळवती. ह्याला नोकरी म्हनत्यात व्हय?"

"व्हय मावशी. तुमचा बांध सरकलेलाबी हितनं दिसतोय."

फुलाबाई दोन दिस फिरकली न्हाय.

पर माझं वय झालं. डाव्या बटणाची पत्ती सैल पडली. श्रेयानं एकदा दाबलं की मी कधीमधी दोनदा वाजायचो. एकाच कोपऱ्यावर दोन ठिपके, एकावर एक. वरनं दिसायचंच न्हाय. मला कळत व्हतं. सांगणार कसं?

मग मॅडमचा फोन आला. "शंभर शेतांत चौदा ठिकाणी दुहेरी ठिपके. घाई करताय का?"

"न्हाय मॅडम, मी एकदाच दाबते."

"सगळे असंच म्हणतात. आज पाचपर्यंत नीट करून पाठवा. परत चूक निघाली तर तुम्हाला थांबवावं लागेल."

श्रेयानं मला भिंतीवर हाणलंच असतं. तिच्या वडलांनी, आबांनी, हात धरला. आबा बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहत्यात. श्रेया धुसफुसत बसली, फोटो मोठ्ठा केला, मला अलगद एकेकदा दाबत गेली. सातव्या बारीला दोन ठिपके.

"आबा, ह्यो बघा चोर! मी न्हाय!"

"मग दुसरा आन की."

"इंदापूरला जाऊन येईस्तवर पाच वाजत्याल."

"बैलाचा खांदा सुजला की आमी बैल फेकून देतो व्हय? बाजू पालटून जुंपतो. ह्याला दुसरं बटण हाय न्हवं?"

श्रेयानं मला परत जवळ ओढलं. मग सेटिंगात जाऊन तिनं माझी बटणं पालटली, डाव्याचं काम उजव्याला. उजवं बटण जवळजवळ कोरंच व्हतं. शंभर शेतं तिनं परत गिरवली. पाचाला धा मिनिटं कमी असताना पाठवली.

सांजच्याला मॅडम म्हणल्या, "एकही चूक नाही. पुढच्या महिन्यापासून कायम." कुणाची चूक व्हती ते त्यांनी इचारलं न्हाय, अन् श्रेयानं सांगितलं न्हाय.

मित्रांनो, त्याला आता आठ महिने झाले. तवापास्नं मी उजव्या खांद्यावर चालतोय. आतली धूळ कुणी पुसत न्हाय. कालपास्नं ह्यो खांदाबी कुरकुरतोय. दमलेलं अवजार खोटं बोलतं, अन् लोक माणसाला खोटं ठरवत्यात. म्हणून श्रेयाला कुणीतरी सांगा: ह्या बारीला मी दोनदा वाजायच्या आधी मला जुवातनं सोडव अन् नवा माउस आन.